फायबरच्या गाळ्यात शेगडी नको, कामाची वेळ बदला

वसई : थंडी पडली की फायबरच्या कामात एकच तक्रार ऐकू येते, 'माल सुकत नाही.' वालीव-गोखिवऱ्याचा गाळा असो की अर्नाळा, पाचूबंदरला बोटीवर चाललेलं काम, सकाळी लावलेलं रेझिन दुपारपर्यंत चिकटच राहतं. मग शटर ओढून आत शेगडी किंवा हॅलोजन लावायचा मोह होतो. धोका इथेच आहे.

पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. रेझिनचा उग्र वास येतो तो त्याचाच. साधारण 31 अंशांना त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचते, आणि शेगडीही तिथेच ठेवलेली असते. ब्रश धुवायचं अॅसिटोन तर कडाक्याच्या थंडीतही पेटतं. शिवाय बंद गाळ्यात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे हार्डनर वाढवणं. हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 ग्रॅम पडतं. डब्यावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त टाकलं तर माल तापतो, तडकतो. इपॉक्सीत तर रेझिन-हार्डनरचं माप अजिबात बदलायचं नाही. बदललं तर जोड कच्चा राहतो. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र केले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर शेवटी.

खरं तर वसईची थंडी युरोपासारखी दिवसभराची नाही. जानेवारीतही दुपारी पारा 30 अंशांच्या आसपास जातो. या कामाला 18 ते 25 अंश पुरतात. म्हणून सकाळी घासकाम, मॅट कापणं, साच्याला वॅक्स लावणं उरकावं आणि रेझिन 10-11 नंतर काढावं. संध्याकाळी गारवा पडायच्या आत ते सेट व्हायला हवं. ड्रम गार लादीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावा. हार्डनर मात्र सावलीत, वेगळा ठेवावा.

गाळा गरम करायचाच असेल तर ड्रम उघडण्याआधी, उघडी ज्योत किंवा लाल तार नसलेल्या हीटरने करावा. काम सुरू करताना हीटर बंद आणि शटर उघडं. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, केमिकलच्या वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क लागतो. आग विझवायला पाणी नको, फोम किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर दाराजवळ हवा.

कामगार सकाळी 8 ला हजर, म्हणून रेझिनही 8 लाच, हा हिशोब गाळामालक आणि ठेकेदारांनी सोडायला हवा. ऑर्डरची घाई त्यांची असते, पण शेगडीजवळ बसलेला असतो तो रोजंदारीवरचा कामगार. आणि कच्चा राहिलेला थर समुद्रात उकलला तर नुकसान बोटवाल्याचं होतं.