चीनची सुई आणि हातची वर्षे

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. म्हणून बुलढाणा जिल्हा स्वतःला मोठ्या अभिमानाने मातृतीर्थ म्हणवतो. हा अभिमान सार्थच आहे. पण ज्या मातीत आईपणाचा एवढा गौरव होतो, त्याच मातीत कूस न उजवलेल्या बाईच्या वाट्याला काय येते? लग्नाला वर्ष झाले की मायेने विचारपूस होते. दुसऱ्या वर्षी त्या विचारण्याला टोक येते. तिसऱ्या वर्षी डोहाळजेवणाचे बोलावणे तिला वगळून जाते आणि ते का वगळले, हे कोणी बोलून दाखवत नाही. तिलाही ते सांगावे लागत नाही.

मग उपायांची रांग लागते. शेगावची वारी होते, सैलानीला नवस बोलला जातो, आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून पुड्या येतात. खामगाव-मलकापूरची जोडपी अकोल्याच्या, चिखली-देऊळगावराजाकडची छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यांत खेटे घालतात. टेस्ट ट्यूब बेबीची एक फेरी म्हटली तरी खर्च लाखाच्या घरात जातो. पाऊस आणि कापसाचा भाव यांवर वर्ष काढणाऱ्या घराला तो कसा पेलायचा? अशा वेळी कोणीतरी सुचवते, ‘जोडीला अ‍ॅक्युपंक्चर करून पाहा, चीनमध्ये हजारो वर्षांपासून करतात.’ बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि इथे तर काडीऐवजी सुई आहे. तेव्हा या सुईच्या अंगी किती बळ आहे, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

चिनी वैद्यकाशी मराठी माणसाचे नाते तसे जुने आहे. १९३८ साली भारताने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुयांची विद्या शिकून आले आणि १९५९ पासून त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला मान्यता दिली. म्हणजे ही काही चोरून करायची भोंदूगिरी नव्हे. मात्र सरकारने एखाद्या पद्धतीला मान्यता दिली, याचा अर्थ ती प्रत्येक दुखण्यावर चालते असा होत नाही.

मूल होण्याच्या बाबतीत ती चालते का, याची परीक्षा झालेली आहे. २००२ साली जर्मनीत १६० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. टेस्ट ट्यूब उपचारात गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या आधी व नंतर ज्यांना सुया टोचल्या, त्यांच्यात ४२.५ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. ज्यांना टोचल्या नाहीत, त्यांच्यात २६.३ टक्के. जगभर आशा पालवली. पण सुया टोचल्या की नाही, हे त्या स्त्रियांना ठाऊक होते आणि मनाचा परिणाम शरीरावर होतो, ही शंका उरली. ती फेडण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना कातडीत न शिरणाऱ्या लटक्या सुया. २०१८ मध्ये निकाल आला. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के स्त्रियांना मूल झाले, लटक्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. हा फरक नसल्यातच जमा.

याहून बोलका दाखला खुद्द चीनचा आहे. पाळी अनियमित करणारा पीसीओएस हा विकार आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतो. तो असलेल्या १,००० स्त्रियांवरचा चिनी डॉक्टरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बीज तयार होण्यासाठी दिली जाणारी क्लोमिफीनची साधी गोळी ज्यांना मिळाली, त्यांच्यापैकी २८.७ टक्के स्त्रिया आई झाल्या. जिला गोळीऐवजी नुसती दिसायला तशीच गोळी मिळाली, त्या गटात १५.४ टक्के. सुयांनी मात्र यात काहीच भर घातली नाही. चीनने हे लपवले नाही. त्या देशात १९८८ मध्येच पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले होते. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगावा आणि तरीही तिला तराजूत घालावे, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

मग सुया टोचून घ्यायच्याच नाहीत का? तसे नाही. या उपचाराच्या वाटेवर बाईचा जीव टांगणीला लागलेला असतो. इंजेक्शने, सोनोग्राफी, पुन्हा वाट पाहणे. अशा दिवसांत कोणी अर्धा तास स्वस्थ पडू दिले, दोन शब्द विचारले, तर मन हलके होते आणि तेही थोडके नव्हे. नोंदणी झालेला चिकित्सक असावा, सुया दर वेळी नव्या असाव्यात, मूळ डॉक्टरांच्या कानावर घातलेले असावे आणि उपचाराचा पैसा तिकडे वळू नये. एवढे पथ्य पाळून कोणी गेले तर हरकत घेण्याचे कारण नाही. पूरक या शब्दाचा अर्थच जोडीला असा आहे. ऐवजी असा नाही.

पुड्यांचे मात्र तसे नाही. न्यू यॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे सापडले. त्या भारतात बनलेली औषधे घेत होत्या. गर्भासाठीच्या आपल्या काही रसौषधींत नागभस्म असते, आणि नाग म्हणजे शिसे. ते पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधते. शतावरीपासून शिवलिंगीपर्यंत जे काही पोटात जाते, ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मुलगाच होईल असे सांगून दिलेली पुडी तर उंबऱ्याच्या आतच येऊ देऊ नये. स्त्रीच्या वंध्यत्वावर हमखास औषध अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. दैवी शक्तीने मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणाऱ्या बाबाला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तुरुंगाची वाट दाखवली आहे.

तरी खरी हानी सुईने होत नाही आणि नवसानेही होत नाही. ती होते वाया गेलेल्या वर्षांनी. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि कस झपाट्याने उतरतो. आधी वारी, मग पुड्या, मग सुया आणि शेवटी तपासणी, या क्रमात चार-पाच वर्षे सहज निघून जातात. ती कोणताही डॉक्टर परत देऊ शकत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावे. स्त्रीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे क्षयरोगही असतो, आणि तो वेळीच कळला तर औषधाने बरा होतो. सुईने तो कळतही नाही.

या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी पुरुषाची, वीर्याची. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कमतरता आढळते. तरीही आपल्याकडे आधी सुनेच्या पोटाची सोनोग्राफी होते, तिचाच एक्स-रे निघतो, तिलाच सुया टोचल्या जातात, आणि मुलाला तपासा म्हटले की घरात सन्नाटा पसरतो. कित्येक घरांत दुसऱ्या लग्नाची बोलणी होतात, पण ही एक तपासणी होत नाही. याला अज्ञान म्हणता येत नाही. याला अन्याय म्हणतात.

आरोग्य खात्याने मनावर घेतले तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातला एक दिवस अशा जोडप्यांसाठी ठेवता येईल. दोघांनाही बोलवावे, वीर्याची आणि क्षयाची तपासणी तिथेच व्हावी, आणि पुढे कुठे जायचे, खर्च किती, यश किती, हे कोणीतरी सरळ मराठीत सांगावे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. आणि तो दिवस उजाडेपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे तरी करावे. सुनेला कोणाकडेही पाठवण्याआधी मुलाला तपासायला पाठवावे, आणि डोहाळजेवणाचे बोलावणे तिलाही धाडावे.