जवारी आणि हायब्रीड

आमच्या दुधनीच्या बाजारात 'जवारी' या शब्दाला फार मान आहे. अक्कलकोट तालुक्याच्या अगदी टोकाला, सोलापूर-वाडी लोहमार्गावर वसलेले हे गाव. इथली माणसे एका वाक्याची सुरुवात मराठीत करतात आणि शेवट कानडीत. त्यामुळे शब्दांनाही दोन्ही घरचा पाहुणचार मिळतो. जवारी वांगी, जवारी कोथिंबीर, जवारी कोंबडी! जवारी म्हणजे देशी, गावरान, अस्सल. याच्या उलट जे काही असेल ते 'हायब्रीड'. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित ज्वारीचा पहिला वाण आपल्या देशात आला. त्याने अनेकांची पोटे भरली. पण आमच्या भाषेने त्याचे उपकार असे फेडले की, आजही एखाद्या पोरामध्ये दम नाही असे म्हणावयाचे असले, तर आमचे म्हातारे त्याला 'हायब्रीड' म्हणून मोकळे होतात.

मराठीचा प्राध्यापक या नात्याने सांगावयाचे, तर या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि सध्या आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. तंबोऱ्याच्या तारेतून जो झणझणीत, भरलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव निघतो, त्यालाही जवारीच म्हणतात.

प्रकरण असे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी गाणे शिकते. वय वर्षे चौदा, गळा बरा, उत्साह उदंड. तिच्या बाईंनी सांगितले, "आता घरी तंबोरा हवा." झाले! वहिनींनी मिरजेचा तंबोरा आणावयाचे ठरवले. दादा अडत दुकानात तुरीचे भाव पाहण्यात जन्म घालवलेले, त्यांनी सांगितले, "इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मिळते. जागा वहीएवढी, किंमत कितीतरी कमी, आणि तार तुटायची भीती नाही. अहो, मोबाइलवर तर फुकट वाजतो!" दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. घरातल्या प्राध्यापकाला असा मान क्वचितच मिळतो. म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या मुदतीत मला पहिला साक्षीदार भेटला तो अगदीच अनपेक्षित. शेजारच्या अडत्यांचा मुलगा पुण्यास इंजिनियरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. त्याचे वाजवणे ऐकून गल्लीतली जनावरे बिथरतात, असे त्याची आजी म्हणते. तो म्हणाला, "काका, आमच्यातही हेच भांडण आहे." त्यांच्यात म्हणे ॲम्प्लिफायर नावाचा देव आहे. अमेरिकेतील माइक सोल्डानो यांच्यासारख्या कारागिरांनी तो मोजक्या संख्येने बनवला. सोल्डानोंचा 'एसएलओ-100' 1987 साली निघाला आणि त्याच्या आवाजावर पुष्कळ वादक लुब्ध झाले. पुढे तसलाच आवाज देण्याचे आश्वासन देणाऱ्या स्वस्त प्रतिकृती कारखान्यांतून निघू लागल्या, आणि 'खरा कोणता, खोटा कोणता' या वादात पोरांच्या रात्री जाऊ लागल्या.

मी विचारले, "पण त्या आवाजात असते काय?" त्याचे उत्तर मोठे मार्मिक होते. गिटारच्या तारेचा विजेतला आवाज अगदी क्षीण असतो. तो एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वाढवत नेतात. शेवटी व्हॉल्व्हला तो पेलत नाही. लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि मूळ स्वराच्या जोडीला नव्या उपस्वरांची गर्दी होते. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस याला बिघाड म्हणेल. वादक त्यालाच गोडी म्हणतात.

आणि अस्सलपणाचे म्हणाल, तर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. लंडनमध्ये ढोल-ताशांचे, म्हणजे त्यांच्याकडील ड्रमचे, दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी 1962 साली आपला पहिला ॲम्प्लिफायर काढला, तो अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या 'बेसमन'वरून. तिकडून आणलेला माल महाग पडे, म्हणून इकडे तसाच केला. भाग थोडे निराळे मिळाले, आवाजही थोडा निराळा झाला. आणि पुढे जग त्या निराळ्या आवाजावरच भाळले. आज मार्शलच्याही नकला निघतात! म्हणजे कालची नक्कल आज अस्सल म्हणून पाटावर बसली आहे. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनाशी घोळवावी.

आता मिरजेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेच्या शिकलगारांचा, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचा, धंदा बसू लागला. त्यांच्यापैकी फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यात आणि मग बनवण्यात हात घातला. तलवारीवरचा हात सतारीवर बसला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी तेथेच नीलकंठबुवा आलुरमठांकडे शिक्षण घेतले. असे कान शेजारी असल्यावर कारागिराला हयगय करून चालत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि या मिरजेच्या वैभवाचे पोट आमच्या सोलापूर जिल्ह्याने सांभाळले आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तंबोऱ्याला लागणारे ते मोठाले कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातात. मंगळवेढ्याची ज्वारी पोटात आणि तिथलाच भोपळा कानाशी! भोपळा वाळवतात, कापतात, त्यावर लाकडाची तबकडी आणि दांडी बसते, चार तारा चढतात. एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि एक खर्ज. पण खरी कसोटी लागते ती घोडीवर. तिचा माथा सपाट दिसतो, पण कानसीने त्याला अतिशय नाजूक उतार दिलेला असतो. तार छेडली की त्या उतारावर ती घासत, चाटत राहते. शिवाय तारेखाली सुताचा धागा सरकवतात. केसभर इकडे-तिकडे केला की बद्द वाटणारी तार एकदम बोलू लागते. एरवी तार घासली जाणे हा दोषच. इथे तो दोष हिशेबाने पेरलेला आहे. त्या पुण्याच्या पोराच्या व्हॉल्व्हची आणि आमच्या घोडीची जात मला एकच वाटली.

सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने मोह घातला होता. तार ज्या ठिकाणी छेडावी, त्या ठिकाणी ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो ते उपस्वर निघू नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यात मात्र ते खुशाल निघतात. 1921 साली रामन यांनी हे लिहिले आणि त्याचे श्रेय त्या वक्र घोडीला दिले.

मग पेटीचे काय? बंगळूरचे जी. राज नारायण हे व्यवसायाने इंजिनियर आणि छंदाने बासरीवादक. 1979 च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. जुन्या पेट्यांतून निघणारा आवाज विजेच्या मंडलातूनच घडवलेला असे, आणि तो तसा लगेच ओळखू येई. नंतर पेट्यांत आणि मोबाइलमध्ये खऱ्या तंबोऱ्याचेच ध्वनिमुद्रण भरू लागले. म्हणजे आत कुठल्या तरी कारागिराचा तंबोरा बसलेलाच आहे. फक्त त्याचे नाव पेटीवर नाही.

पेटीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तंबोरा हे मोठे मानी वाद्य. हवा बदलली की तार उतरते नाहीतर चढते. रेल्वेच्या गर्दीतून नेताना भोपळा आपटला तर संपले. जवारी झिजली की ती पुन्हा काढून घ्यावी लागते, आणि ते काम जाणणारा हात दुधनीत कुठून यावा? पेटी नसती, तर आडगावच्या कितीतरी मुलींना पहाटे आधाराचा षड्जच मिळाला नसता. तिला हायब्रीड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण पेटी कधी बेसूर होत नाही, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे. तंबोरा जुळवताना मुलीला खुंटी पिळावी लागते, मणी सरकवावा लागतो, जोडीच्या दोन तारांमधली थरथर संथ होत होत कधी थांबते ते ऐकावे लागते. ते दहा मिनिटांचे ऐकणे म्हणजेच गाण्याचा पहिला धडा. पेटी तो धडा स्वतःच गिरवून ठेवते आणि मुलीला कोरा कागद देते. ओझे वाहणारे यंत्र मी डोक्यावर घेईन. पण माझ्या मुलीच्या वतीने ऐकणारे यंत्र घरात आणताना चार वेळा विचार करीन.

दोन दिवसांनी मी निवाडा दिला. पेटी घ्यावी, रोजच्या रियाजाला ती पुरेशी आहे. आणि तंबोरा आमच्या भजनी मंडळाने घ्यावा. अक्कलकोट एका बाजूला आणि गाणगापूर दुसऱ्या बाजूला, अशा जागी राहणाऱ्या गावात भजनाला काय तोटा! कानडी वचने आणि मराठी अभंग एकाच तंबोऱ्यावर सुखाने बसतात. मात्र एक अट घातली: दर गुरुवारी तंबोरा जुळवावयाचा तो या मुलीने, आणि शेजारी पेटी चालू ठेवावयाची नाही.

दादांनी वर्गणीचा पहिला आकडा स्वतः टाकला. मिरजेच्या कारागिराने कार्तिकात या म्हणून सांगितले आहे. मंडळात सध्या वाद चालू आहे तो पट्टीचा. बुवांना काळी एक हवी, मुलीला काळी चार. त्या वादात मला कोणी विचारलेले नाही, आणि मीही मुदत मागितलेली नाही.