यंत्र थांबले तरी हप्ता थांबत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या हडपसरच्या सोसायटीच्या दारातच गुलमोहराची भली मोठी फांदी पडली. ती तोडायला नेहमीचा माणूस आला, पण मशीन न घेता, खांद्यावर कुऱ्हाड टाकून. "काका, मशीन बंद आहे," एवढेच म्हणाला आणि कामाला लागला.

त्याचे मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. 'चेन सॉ' म्हणतात ती. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली, नव्या तऱ्हेची, पोटात कॉम्प्युटर असलेली. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू होईना. दुकानदार म्हणाला, बिघाड शोधणारे उपकरण आमच्याकडे नाही, आतला इलेक्ट्रॉनिक भाग अख्खाच बदलावा लागेल आणि तो यायला तीन आठवडे लागतील. ज्याची वर्षाची निम्मी कमाई पावसाळ्यात होते, त्याला हे उत्तर मिळाले. माझा जन्म बँकेत असली कर्जे मंजूर करण्यात गेला. त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की यंत्र थांबले तरी हप्ता थांबत नाही.

शेवटी गाडीतळाजवळच्या एका मेकॅनिकने मार्ग काढला. त्याच बनावटीच्या साध्या करवतीची कॉईल, फ्लायव्हील आणि कार्ब्युरेटर त्याने जमवले आणि कॉम्प्युटर काढून ते बसवले. मी स्टुलावर बसून पाहत होतो.

साध्या करवतीत सगळे उघड असते. फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉईलजवळून फिरते, प्लगमध्ये ठिणगी पडते. कार्ब्युरेटरला दोन बारीक स्क्रू असतात, एक कमी वेगासाठी, एक जास्त वेगासाठी. हवेत पेट्रोल किती मिसळायचे ते त्यांवर ठरते. नव्या करवतीत हे स्क्रूच नाहीत. इंजिनाचा वेग पाहून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ ठरवतो आणि विजेवर चालणाऱ्या एका छोट्या झडपेतून पेट्रोल मोजून सोडतो.

यात कॉम्प्युटरला नावे ठेवण्यासारखे काही नाही. समुद्रकाठी जुळवलेला कार्ब्युरेटर महाबळेश्वरच्या विरळ हवेत नेला की पेट्रोल जास्त पडते आणि इंजिन धूर ओकते. कॉम्प्युटर हे आपले आपण सांभाळतो. धूर कमी, पेट्रोलची बचत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, तोही प्रदूषण कमी व्हावे म्हणूनच. चेतक सुरू झाली नाही की ती आडवी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा किक मारायची, हा सोहळा पुण्यातल्या एका पिढीला पाठ होता. त्याच्या आठवणी गोड असल्या तरी तो धूर काही गोड नव्हता.

शिवाय असा बदल म्हणजे पोरखेळ नाही. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. स्क्रू जास्त आवळला गेला तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. मेकॅनिक कान देऊन स्क्रू फिरवत होता. करवत मोकळी पळताना आवाज किंचित अडखळता हवा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हायला हवा, असे त्याने मला समजावले. रस्त्यावरच्या वाहनात तर असा मनमानी बदल कायद्यालाही चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे 'जुने ते सोने' असे नाही. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच्या शिलकांची छापील यादी कपाटात ठेवत असू. मशीन बंद पडले तरी दारात आलेल्या खातेदाराला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, एवढाच त्यामागचा हेतू होता. असली छापील यादी प्रत्येक यंत्राला हवी. बिघाड काय आहे ते मालकाला कळावे, तो शोधण्याचे उपकरण गल्लीतल्या मेकॅनिकलाही विकत मिळावे आणि सुटा भाग सुटा मिळावा.

हे भांडण एकट्या करवतीचे नाही. आमच्या हडपसरातच, मगरपट्ट्यात, 'जॉन डिअर' या अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीचे तंत्रज्ञान केंद्र आहे. बिघाड शोधण्याचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच का, असे तिकडचे शेतकरी या कंपनीला वर्षानुवर्षे विचारत आले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर कंपनीवर खटला भरला. कंपनीला अर्थातच आरोप मान्य नाहीत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे विचारात घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती मिळणे वेगळे आणि हक्क मिळणे वेगळे. विकणाऱ्याला बंधनकारक होईल असा कायदा हवा. आपणही फ्रिज, मिक्सर, मोबाईल घेताना किमतीबरोबर एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: हे बिघडले तर कोण दुरुस्त करील?

संध्याकाळी करवत तिसऱ्या ओढीला सुरू झाली. तिच्या मालकाने काही न बोलता मशीन कपाळाला लावले. मेकॅनिकने काढलेला कॉम्प्युटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या हाती दिला. "फेकू नकोस," तो म्हणाला. "वाईट नाहीये ते. उद्या कुणी दुरुस्त करायला शिकवलं, तर मीच परत बसवून देईन."