'एक्झेंटरेट' : व्युत्पत्ती आणि उपयोजन

'एक्झेंटरेट' हे इंग्रजीतील विरळ क्रियापद. 'एक्स' म्हणजे बाहेर व 'एंटेरॉन' म्हणजे आतडे, या ग्रीक घटकांतून ते लॅटिनमार्गे सिद्ध झाले. 'कोथळा बाहेर काढणे' हा त्याचा मूळ अर्थ. तो आता लुप्तप्राय असून शब्द टिकला आहे तो मुख्यतः शल्यशास्त्रात.

मराठी 'आतडे' हा 'एंटेरॉन'चा दूरचा सगोत्र असल्याने 'आंत्रनिष्कासन' असा पर्याय घडविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु नेत्रशल्यात आतड्याचा संबंधच नाही. तेथे नेत्रगोलाचे बाह्य कवच राखून आतील भाग काढणे म्हणजे 'एव्हिसरेशन', संपूर्ण नेत्रगोल काढणे म्हणजे 'एन्युक्लिएशन' आणि नेत्रगोलासह खोबणीतील अन्य ऊतीही काढणे म्हणजे 'एक्झेंटरेशन'. मराठीत या तिन्ही क्रियांची बोळवण 'डोळा काढणे' एवढ्यावरच होते. 2021 मध्ये कोविडोत्तर म्युकरमायकोसिसच्या काही रुग्णांवर महाराष्ट्रातही ही शेवटची शस्त्रक्रिया करावी लागली. संमतिपत्रावर सही करणाऱ्या आप्ताला नेमके काय जाणार आणि काय उरणार, हे शब्दातून कळणे अगत्याचे होते.

'पोखरणे'त हानी अभिप्रेत आहे, 'कोरणे'त आकार देणे. म्हणून दोन्ही येथे अपुरे ठरतात. 'खोबण रिती करणे' हा साधा शब्दप्रयोग मात्र अर्थ अचूक पोहोचवतो. तात्पर्य, परिभाषा घडविताना व्युत्पत्ती मार्गदर्शक असावी. निर्णय उपयोजनाने द्यावा.