विश्रांतीची किंमत कोणी द्यावी?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावी पहाटे रस्त्याने धावणारी मुले ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणाला पोलीस भरतीतील १६०० मीटरची धाव खुणावते, कोणाला दहावीचे क्रीडागुण, तर कोणाला शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या ५ टक्के राखीव जागा. ज्या जिल्ह्यात कपाशीच्या भरवशावर मुलांचे भवितव्य आखता येत नाही, तेथे पालकांनी मुलाच्या पायांवर भरवसा ठेवला, तर त्यांस दोष कोणत्या तोंडाने द्यावा? प्रश्न एवढाच की, हे पाय अजून वाढत आहेत याचे भान कितीजणांस आहे?

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो व हाडाची लांबी तेथूनच वाढते. मुलींत साधारणतः १४-१५ व्या आणि मुलांत १६-१७ व्या वर्षी त्याचे हाड बनते. तोवर तो भोवतालच्या हाडाहून दुबळा असतो. एकच ताण त्यावर रोज शेकडो वेळा पडत राहिला, तर मूल एकदाही न पडता इजा होते. अशा सर्वच दुखापती सारख्या गंभीर नसतात, हेही सांगितले पाहिजे. गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे स्नायूचा कंडरा हाडाला जोडलेला असतो, तेथे येणारी दुखरी सूज १९०३ मध्ये ऑसगुड व श्लॅटर यांनी वर्णिली. ती बहुधा वाढ पूर्ण होताच शमते. परंतु हातांवर देहाचा भार पेलणाऱ्या जिम्नॅस्टच्या मनगटातील कूर्चा दुखावली आणि सराव तसाच चालू राहिला, तर एक हाड आखूड राहून मनगट कायमचे अधू होऊ शकते. दुखणे प्रथम खेळानंतर जाणवते, मग खेळताना, अखेर बसल्याजागीही. या तिसऱ्या पायरीपर्यंत आपल्याकडे तेल लावून रगडणे, पट्टी बांधणे आणि वेदनाशामक गोळी एवढ्यावरच निभावले जाते.

वस्तुतः यावरील मुख्य उपचाराला पैसा लागत नाही. ज्या हालचालीने दुखते ती काही आठवडे, प्रसंगी तीन महिने, बंद ठेवणे. दरम्यान स्नायूंना ताण देण्याचे व बळकटीचे हलके व्यायाम. आणि मग क्रमाक्रमाने पुनरारंभ. हा फुकटचा उपचारच मुलांना सर्वांत महाग पडतो! शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. तालुक्याची पायरी ज्याची चुकली, त्याचे ते वर्ष गेले. विजयाचा लाभ शाळा, प्रशिक्षक, पालक असा सर्वांत वाटला जातो. दुखापतीचा खर्च मात्र एकट्या मुलाच्या हाडावर पडतो. जेथे लाभ घेणारे अनेक आणि तोटा सोसणारा एकच असतो, तेथे 'थांब' म्हणणारा कोणी उरत नाही.

येथे सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण हटकून दिले जाते. आचरेकर सर त्यांना स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, ही कथा खरीच आहे. पण अशाच दिनक्रमात ज्यांचे खांदे व गुडघे निकामी झाले, त्यांच्या कथा कोण सांगणार?

अमेरिकेतील मुलांच्या 'लिटल लीग' बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडूफेक करणाऱ्या मुलाने दिवसाला किती चेंडू टाकावेत यावर वयानुसार मर्यादा आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून निदान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी देण्यास सांगते. आपल्याकडेही हे अवघड नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अस्थिरोगतज्ज्ञांनी लेखी विश्रांती सांगितली, तर त्या मुलाचा त्या वर्षीचा क्रीडागुणांचा हक्क बुडू नये, अशी तरतूद क्रीडा व शिक्षण खात्यांनी करावी. एकाच मुलास एकाच हंगामात धावणे, कबड्डी आणि खो-खो अशा तिन्ही संघांत उतरवण्यावर मुख्याध्यापकांनी बंधन घालावे. आणि मूल लंगडत आले, तर त्यास त्या दिवशी मैदानाबाहेर बसवण्याचा अंतिम अधिकार शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकास असावा, मग सामना कोणत्याही फेरीचा असो.