दगड म्हणजे हँडब्रेक नव्हे

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपल्याकडं कुणाच्याही खळ्यावर जा. जुनी मारुती ८०० नाहीतर ओम्नी उभी असते अन् चाकाखाली दगड. विचारलं तर म्हणतात, "हँडब्रेक कुठला लागतोय, चार वर्षं झाली." वर हसतात. मीही हसायचो.

वैशाखात कांदाचाळीच्या चढावर गाडी लावली. मागं गोण्या भरलेल्या, पहिला गिअर टाकलेला, चाकाखाली दगड. पोरं आत बसून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळत होती. एकानं क्लच दाबला अन् दांडी हलवली. गाडी दगडावरून उतरून मागं निघाली. मागं माझी नात चिंचोके वेचत होती. कारभारणीनं तिला दंडाला धरून ओढलं म्हणून वाचली. गाडी चाळीच्या खांबावर थांबली. त्या रात्री मला झोप नाही.

"गिअरमध्ये ठेवली की बास" म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

आता दुसरे. "मिस्त्री नट आवळून देतो, केबल कशाला बदलायची?" माझ्याही गाडीचा नट दोनदा आवळून झाला होता. अहो, केबल म्हणजे नळीतून जाणारी लोखंडी तार. नळीचं वरचं आवरण फाटलं की चिखल-पाणी आत जातं, गंज धरतो, तार अडकते. अडकलेली तार आवळून ढिली होत नाही. उलट हँडब्रेक सोडला तरी ब्रेक चिकटून राहतो, ड्रम तापतो, लायनर झिजतात अन् पेट्रोल जास्त जातं. ते पैसे कुणाच्या खिशातून जातात?

काम अवघड नाही. गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. मागून उचलली की स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. हँडब्रेक खाली सोडा, नट ढिला करा, ड्रम काढा. लायनर झिजले असतील तर तेही आत्ताच बदला. केबलचं टोक आतल्या दांडीतून काढा. नवी केबल जुन्याच वाटेनं, जुन्याच क्लॅम्पात बसवा, सायलेन्सरला टेकू देऊ नका. दोन्ही बाजूंच्या केबल एकदमच बदला. एक नवी अन् एक जुनी ठेवली तर दोन्ही चाकांना सारखा ताण येत नाही. शेवटी हँडब्रेक सोडून दोन्ही चाकं हातानं फिरवा. मोकळी फिरली पाहिजेत. ओढला की दोन्ही धरली पाहिजेत. जमत नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

माझा दोन्ही केबल अन् मजुरीचा खर्च एकरभर कांद्याच्या एका फवारणीएवढा आला. करप्याला औषध मारताना आपण हिशोब करत नाही. लेकरांच्या जिवाला मात्र "गाडी जुनी झाली, खर्च कशाला" म्हणतो. गाडी जुनी झाली म्हणून उतार कमी होतो काय?

एक खरं, पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहिली की ओढलेला हँडब्रेक ड्रमला चिकटतो. तेव्हा सपाट जागेवर गिअर अन् दोन्हीकडून ठोकळे चालतील. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच. ठोकळा त्याच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे.

आज संध्याकाळी गाडी रिकामी करा, पुढंमागं कुणी नाही बघा, थोड्या उतारावर पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, मग पाय हळूच उचला. गाडी हलली, तर उद्याचं पहिलं काम तेच.