आईनें कोठें शिकावें?

आमच्या शाळेंत पालकसभेच्या दिवशीं आईबापांनीं प्रश्न विचारावे आणि शिक्षकांनीं उत्तरें द्यावीं, असा रिवाज आहे. प्रश्न बहुधा गुणांचे असतात. गणितांत इतके कमी कां पडले, शुद्धलेखन केव्हां सुधारणार, अमक्याशेजारीं बसविल्यामुळें मुलगा बिघडला काय, इत्यादि. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका सभेनंतर एक बाई मागें थांबल्या. सातपूरच्या एका कारखान्यांत त्या पाळीनें काम करीत, आणि पाळी सुटल्यावर घरीं न जातां तशाच आल्या होत्या. गुणपत्रक त्यांनीं न उघडतांच पिशवींत ठेविलें. मग त्या म्हणाल्या, "सर, येशू स्वतः देव असतां क्रूसावरून त्यानें देवाला अशी हाक कां मारली, जणूं देवानेंच त्याला टाकून दिलें? मुलानें परवां मला हें विचारलें. मला उत्तर आलें नाहीं. ह्यांना विचारलें, तर हे म्हणाले, असले प्रश्न मनांत आणूं नयेत. आतां मी कोठें शिकूं?"

त्या प्रसंगीं आम्हीं जें केलें तें आठवलें म्हणजे आजही लाज वाटते. उत्तर तेथल्या तेथें देतां आलें असतें. पण आम्हांस घाई होती, आणि खरें सांगावयाचें तर विद्वत्तेचा थोडा ताठाही होता. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा बृहद्ग्रंथ आमच्या कपाटांत होता. त्यांत २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत. त्याची इंग्रजी प्रत आम्हीं बाईंच्या हातीं दिली आणि "यांत सर्व आहे" असें सांगून मोकळे झालों. तीन महिन्यांनीं ग्रंथ परत आला. त्याला वर्तमानपत्राचें स्वच्छ कव्हर घातलेलें होतें, आणि बाराव्या पानाशीं बसचें एक तिकीट खुणेसाठीं राहून गेलेलें होतें. "फार चांगलें पुस्तक आहे," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या प्रश्न घेऊन आमच्याकडे आल्या नाहींत.

भुकेल्या माणसानें भाकरी मागावी आणि आपण त्याला धान्याचें कोठार दाखवून निघून जावें, तसें तें झालें. कोठार खोटें नव्हतें. पण दळणार कोण, आणि केव्हां?

आपल्या समाजांत एक विचित्र व्यवस्था होऊन बसली आहे. मुलाला धर्म आईनें शिकवावा, हें सर्वांस मान्य आहे. क्रूसाची खूण तीच शिकविते, "आमच्या बापा" आणि "नमो मरिया" तीच पाठ करून घेते, आणि प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराच्या वेळीं पांढरे कपडे व मेणबत्ती यांची धांवपळही तिचीच असते. इतकें सर्व जिच्यावर सोंपविलें, तिचें स्वतःचें धर्मशिक्षण मात्र बहुधा तिच्या दहाव्या बाराव्या वर्षींच संपलेलें असतें. लहानपणच्या परकरांत आतां आपण मावूं असें कोणतीही बाई म्हणणार नाहीं. मग त्या वयांतल्या चार उत्तरांवर तिनें जन्मभर निभवावें, ही अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करतों?

कोणी म्हणतील, "आमच्या आजीला अक्षर येत नव्हतें, तरी तिची श्रद्धा केवढी!" हा आक्षेप आम्हीं पुष्कळदां ऐकिला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. आजीला अक्षर येत नव्हतें, हें कबूल. पण तिचे कान भरलेले होते. नाशिक व नगर जिल्ह्यांतील मिशनच्या खेड्यांत धर्मशिक्षक मास्तर संध्याकाळीं लोकांस जमवून प्रश्नोत्तरें म्हणवून घेत, भजनें होत, शुभवर्तमानांतल्या गोष्टी सांगितल्या जात. आजी निरक्षर होती, अज्ञान नव्हती. तिची नात पदवीधर आहे, पाळीला जाते, तिघांचे डबे भरते. तिच्या कानांवर दिवसभर काय पडतें, याचा विचार करावा. ओवी हें तर मूळचें जात्यावरचें गाणें. दळतां दळतां आपल्या बायांनीं सर्व जातींत, सर्व पंथांत, धर्म शिकून घेतला. आतां जात्याच्या जागीं मिक्सर आला आहे, आणि तो चालूं असतां शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकूं येत नाहीं.

हें मर्म चारशें वर्षांपूर्वीं एका परक्या माणसास कळलें होतें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. नव्या ख्रिस्ती लोकांना आपलीं जुनीं पुराणें सुटल्याची रुखरुख होती. वाचावयास व ऐकावयास तसें कांहीं द्या, अशी त्यांची मागणी होती. स्टीफन्स यांनीं त्यांस लॅटिन ग्रंथ दाखविला नाहीं. त्यांनीं मराठी शिकून सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें, आणि तें १६१६ सालीं राचोल येथें रोमी लिपींत छापून निघालें. देवळांत मिस्सेनंतर तें वाचीत व लोक बसून ऐकत. ज्ञानेश्वरी ऐकणाऱ्या कानांस ओळखीचा वाटेल असाच तो घाट होता. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें त्यांचें कोंकणी पुस्तकही त्यांच्यामागें १६२२ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे आपल्या बायकांना त्यांच्या बोलींत, त्यांच्या कामांतून न उठवितां शिकवावें, ही कांहीं आमची नवी कल्पना नव्हे.

नाशिककरांस तर याहून जवळचें उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ सालीं येथून जवळच जलालपुरास जन्मल्या आणि १९३६ सालीं नाशकांतच निवर्तल्या. त्या कॅथोलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट मंडळींतल्या होत्या. पण आमच्या मुद्यास त्यानें बाध येत नाहीं. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. पति गेला म्हणून मागोमाग पत्नी गेली, असें घडलें नाहीं. त्या दुरावल्या, रडल्या, भांडल्या, विचार करीत राहिल्या, आणि स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. शाळेचें शिक्षण त्यांस जवळ जवळ नव्हतेंच. चूल, मुलें, आजारपणें, सदा भरलेलें घर, आणि खिशांतला शेवटचा पैसाही दुसऱ्यास देऊन येणारा नवरा, इतकें सांभाळून ती बाई शिकली. टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें, त्याचे बहुतेक अध्याय तिनें लिहिले. ‘स्मृतिचित्रें’ तर मराठी वाचणाऱ्या प्रत्येक घरांत ठाऊक आहेत. इयत्ता नववी व दहावीच्या मुलींनीं तें पुस्तक पुढल्या सुटींत अवश्य वाचावें. त्यांत हंसूं इतकें आहे कीं धर्माचें पुस्तक आहे असें वाटणार नाहीं.

परदेशांतलें एक नांव सांगून पुढें जातों. फ्रान्समधील आलांसों गांवीं झेली मार्टिन नांवाची बाई लेस विणण्याचा धंदा चालवीत असे. तिला नऊ मुलें झालीं, त्यांतलीं चार लहानपणींच गेलीं. तिला व तिच्या नवऱ्याला २०१५ सालीं संतपद मिळालें. संत तेरेजा ही त्यांची धाकटी मुलगी. घरांतल्या माणसांस झेलीनें लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत गिऱ्हाइकें, ताप, मोलकरीण आणि देव हीं एकाच पानावर येतात.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतों, कारण सर्व गोष्ट त्यांतच आहे. क्रूसावरील ती हाक मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत आहे. लूक व योहान यांच्यांत नाहीं. ती स्तोत्रसंहितेंतल्या २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. यहुदी मनुष्यास हीं स्तोत्रें तोंडपाठ असत. पहिली ओळ उच्चारली म्हणजे सर्व स्तोत्र उभें राही, जसें आपल्याकडे अभंगाचें ध्रुवपद म्हटलें कीं पुढचें चरण आपोआप ओठांवर येतात. तें स्तोत्र दुःखानें आरंभतें खरें, पण त्याचा शेवट स्तुतींत व भरंवशांत होतो. येशू तेथें आपल्या लोकांची प्रार्थना करीत होता. त्याचें दुःख नाटकी नव्हतें. मनुष्याची सर्व वेदना त्यानें खरोखर भोगिली. आणि त्या वेदनेंतही ज्याला हाक मारावयाची त्यालाच त्यानें हाक मारिली. दहा वर्षांच्या मुलाला एवढें पुरें होतें. आईला त्याहून थोडें अधिक लागलें असतें, तें तिनें पुढें विचारलें असतें.

आणि नवल असें कीं हें २२ वें स्तोत्र दर वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं मिस्सेंत पहिल्या वाचनानंतर म्हटलें जातें. त्या बाईंनीं तें जन्मापासून किती वेळां ऐकिलें असेल! उत्तर त्यांच्या कानांपाशीं येऊन गेलेलें होतें. हें त्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें कोणीं त्यांस सांगितलें नव्हतें, इतकेंच.

म्हणून आमचें मत असें कीं, कामांत बुडालेल्या आईला नवा वेळ काढावयास सांगणें हा तिच्यावर अन्याय आहे. जें ती आधींच करते, तें तिला उकलून दाखवावें. रविवारच्या वाचनांचें चक्र तीन वर्षांचें आहे. एक वर्ष मुख्यतः मत्तयाचें, एक मार्काचें, एक लूकाचें, आणि योहान मधून मधून, विशेषतः पुनरुत्थानकालांत. हें एकदां कळलें कीं घरीं शनिवारीं रात्रीं उद्यांचा उतारा पांच मिनिटांत वाचून होतो. जपमाळेंत पूर्वीं पंधरा रहस्यें होतीं, २००२ सालापासून वीस झालीं. तीं क्रमानें सांगितलीं म्हणजे येशूचें सबंध चरित्र होतें, आणि तें पोळ्या लाटतांना सांगतां येतें. मराठींत वाचावयास आतां पूर्वींसारखा दुष्काळही नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व २०२४ सालीं दिवंगत झाले, त्यांचें ‘सुबोध बायबल’ साध्या भाषेंत टिपांसह आहे. पुस्तक घ्यावयाचें तर तें घ्यावें, आणि मुलाच्या दप्तराशेजारीं हाताशीं येईल असें ठेवावें. कांचेच्या कपाटांत नको.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरांत फेब्रुवारींत यात्रा भरते, तेव्हां हजारों आया लेंकरें कडेवर घेऊन रांगेंत उभ्या असतात. त्यांत ख्रिस्ती नसलेल्या किती तरी. ज्या मूर्तीवरून ही भक्ति जगभर पसरली, ती प्राग नगरांत आहे. परंपरा सांगते कीं ती मूर्ति एका स्पॅनिश आईनें आपल्या मुलीस लग्नांत दिली होती, आणि त्या मुलीनें, पोलिक्सेना लोबकोवित्स हिनें, ती १६२८ सालीं कार्मेल संघाच्या साधूंस अर्पण केली. आईकडून मुलीकडे आलेली ही वस्तु आहे, एवढें जरी रांगेंतल्या बाईस कोणीं सांगितलें, तरी तिचें उभें राहणें निराळें होईल असें आम्हांस वाटतें.

एक तक्रार केल्यावांचून राहवत नाहीं. प्रौढांसाठीं धर्मशिक्षणाचे वर्ग जेथें कोठें निघतात, तेथें ते बहुधा रविवारीं दहा ते बारा किंवा रोज सायंकाळीं सात वाजतां ठेवितात. ती स्वयंपाकाची वेळ आहे, हें ठरविणाऱ्यांस ठाऊक नसतें काय? मग वर्गास येतात चार सेवानिवृत्त गृहस्थ, आणि अहवालांत लिहितात कीं मातांचा प्रतिसाद अल्प होता. इंग्रजींतून व्याख्यान ठेवणें हीही तीच चूक. आम्हीं जो ग्रंथ दिला, तो याच चुकीचा भाऊ.

त्या बाईंना आम्हीं पुढें पत्र लिहिलें. झावळ्यांच्या रविवाराची व २२ व्या स्तोत्राची हकीकत मराठींत एका पानावर लिहून मुलाच्या दैनंदिनींत घातली. दुसऱ्या दिवशीं त्याच पानामागें पेन्सिलीनें दुसरा प्रश्न लिहून आला. मग तिसरा आला. आतां शनिवारीं शाळा अर्धा दिवस असते तेव्हां, मुलें सुटण्याच्या आधीं अर्धा तास, फाटकाशीं उभ्या राहणाऱ्या सात आठ आया आमच्या वर्गांत येऊन बसतात. त्यांत दोघी ख्रिस्ती नाहींत. एका वेळीं एकच प्रश्न, आणि तोही त्यांनींच आणलेला. सुटीची घंटा झाली कीं बैठक उठते.

कारखान्यांतल्या त्या बाई दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांतच येऊं शकतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यांत त्यांचा मुलगा प्रश्न आणतो, उत्तर उतरून घेतो, आणि घरीं वाचून दाखवितो. परवां त्यानें सांगितलें कीं वाचन व्हावें म्हणून त्या संध्याकाळीं वडील भात लावतात. पहिल्या दोन वेळां करपला.